रविवारी दाखवायचं काय?

साइटचं डोमेन, म्हणजे तिचा पत्ता, मी आधी घेतलं आणि साइटवर काय असेल ते नंतर ठरवलं. घरच्या प्रकल्पांचं माझं हे नेहमीचंच. लॅपटॉपवर ‘नवीन’ नावाचं एक फोल्डर आहे, त्यात ‘नवीन-२’, ‘नवीन-खरं’ आणि ‘आता-शेवटचं’ अशी भावंडं सुखानं नांदतात. त्यातलं एकही लॉगिनच्या पानापुढे गेलेलं नाही. लॉगिनचं पान मात्र प्रत्येकात आहे, वापरणारी मी एकटी असूनही.

या वेळी निदान विषय तरी जुना होता. वाचताना अडलेला किंवा आवडलेला शब्द वहीत उतरवायचा, शेजारी अर्थ आणि तो जिथं भेटला ते वाक्य, ही सवय बऱ्याच वर्षांची. पाच वह्या भरल्या होत्या, शिवाय फोनमध्ये आणि जुन्या कॉम्प्युटरवरच्या फायलींत वेगळा पसारा. सगळे मिळून अकराशेच्या आसपास शब्द. त्यांची एक शोधता येणारी शब्दवही करायची, बस. नोकरीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या फॉर्मांना तपासण्या लावत असते. संध्याकाळी आपलं स्वतःचं काही करावं असं वाटतं, आणि जेवण झालं की ते वाटणं संपतं.

ते या वेळी संपलं नाही, याला कारण रविवार.

आम्ही चौघं. एक माझी जुनी मैत्रीण, ती टायपिंगच्या सरावाचा खेळ बनवत होती. एक कॉलेजातला मुलगा, त्याला स्वतःची ओळख सांगणारी साइट करायची होती. आणि काका, निवृत्तीनंतर पायथन शिकलेले, दुर्बिणीतून पाहिलेल्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवायला प्रोग्राम लिहिणारे. ते नात्यानं कुणाचेच काका लागत नाहीत. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल, प्रत्येकाला दहा मिनिटं. नियम मैत्रिणीनं घालून दिला होता: चालतंय ते दाखवायचं, होणार आहे ते सांगायचं नाही. ‘जवळजवळ झालंय’ असं म्हटलं की पाळी संपली.

पहिले पाच-सहा रविवार मी गाजवले. एकदा काळी थीम दाखवली. एकदा शब्दाचं कार्ड पलटून मागं अर्थ दिसतो ते दाखवलं. एकदा पान उघडताना शब्द वरून अलगद उतरतात, ते. मुलगा दर वेळी ‘भारी आहे ताई’ म्हणायचा आणि मी सोमवारभर त्यावर खूश असायचे. शुक्रवार आला की एकच प्रश्न पडायचा, रविवारी दाखवायचं काय? कोडमधला प्रत्येक बदल मी गिट नावाच्या साधनात नोंदवते, त्याचा त्या दिवसांतला इतिहास मी नंतर उघडून पाहिला. ३४ कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, त्यातले १९ रंग, सावल्या आणि अंतरांचे. एकाचा संदेश ‘सावली थोडी कमी’, त्याच्या पुढच्याचा ‘सावली परत’. गिट २००५ मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, जन्माला आलं, हजारो माणसांचं काम एकमेकांत मिसळताना सांडू नये म्हणून. मी त्यात सावलीचे चढउतार नोंदवत होते.

गंमत अशी, की ज्या दिसण्यावर मी एवढी खपत होते त्यातही मला न दिसलेलं बरंच होतं. मथळ्याची मांडणी एका तयार टेंप्लेटवरून उचललेली होती आणि ते रोमन अक्षरांसाठी बेतलेलं. त्यात दोन अक्षरांमध्ये दोन पिक्सेलची मोकळी जागा सोडलेली होती. रोमनमध्ये ते रुबाबदार दिसतं. देवनागरीत शिरोरेघ तुटते, आणि शब्द दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसतो. काकांनी विचारलं, “हे असं तुटक मुद्दाम केलंयस का गं?” मी म्हटलं, “हो, जरा वेगळं म्हणून.” सोमवारी सकाळी चहाच्या आधी सीएसएसमधली, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमधली, ती एक ओळ उडवली. वेलांट्यांची टोकं कापली जात होती, कारण ओळीची उंचीही रोमनच्याच मापाची. आणि मुलाला एक दिवस आमचा ल खटकला. “ताई, तुमचा ल हिंदीच्या पुस्तकातला वाटतोय.” टेंप्लेटच्या पहिल्या ओळीत पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती, ती मी कधी बदललीच नव्हती. तिथं मराठीचा संकेत घातला आणि फाँटात मराठी वळणाची सोय असल्यामुळे ल आणि श एकदम घरचे दिसायला लागले. पुढे कुणी मराठी साइट करताना माझा सल्ला मागितला तर मी आधी हीच ओळ दाखवते.

सातव्या रविवारी शोध दाखवला. माझ्याकडून दहा-बारा शब्द शोधून झाले, सगळे सापडले. मग मैत्रीण म्हणाली, “लिंक दे, मी फोनवर बघते.” तिनं ‘पायऱ्या’ टाइप केलं. उत्तर आलं, एकही शब्द सापडला नाही.

शब्द तिथंच होता. ती मोकळी यादी खाली सरकवून मला तो दाखवत होती. मी माझ्याकडे टाइप केला, सापडला. तिनं पुन्हा केला, नाही. मी तिला शुद्धलेखन नीट बघायला सांगितलं, ते आता आठवलं की ओशाळायला होतं. काका म्हणाले, “दोघींचा शब्द एकच आहे कशावरून?” मुलगा म्हणाला, “ताई, दोन्हींची लांबी छापून बघा ना.”

छापली. माझा शब्द आठ, तिचा सात.

मग एकेक संकेतांक, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक चिन्ह ज्या क्रमांकानं ओळखतो तो, सुटा करून ओळीनं मांडला. प, काना, य इथपर्यंत दोन्ही सारखे. पुढं तिच्याकडे नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ होता, युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संकेतांकांच्या यादीतला ०९३१ क्रमांकाचा, मग हलन्त, म्हणजे पाय मोडायची खूण, मग य, काना. माझ्याकडे साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक असं चिन्ह जे पडद्यावर दिसतच नाही: २००डी, शून्य रुंदीचा जोडक. त्या जोडकामुळे र पुढच्या य-ला रफार होऊन न चढता चंद्रकोरीसारखा चिकटून राहतो. दोन्ही रस्त्यांनी अक्षर उमटतं ते हुबेहूब एकच. डोळ्यांना फरक शून्य, कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळे शब्द. माझे जुने शब्द जुन्या कीबोर्डवरून आले होते, तो जोडक घालणारा. आणि मी रोजही तोच कीबोर्ड वापरत असल्यामुळे माझ्याकडे शोध कधी चुकणारच नव्हता. मी शंभर वर्षं तपासत बसले असते तरी.

युनिकोडात मजकूर एका साच्यात आणायची एक ठरलेली पद्धत असते, एनएफसी म्हणतात तिला. मला वाटलं ती लावली की झालं. र आणि सुटा नुक्ता असं कुणी लिहिलं असेल तर ती त्यांचा एक ऱ करते, इथवर ठीक. जोडकवाल्या र-ला ती हात लावत नाही, कारण तिच्या मते ते दोन्ही एकच नाहीतच. म्हणून मी माझा उपाय केला. शोधायच्या आधी दोन्हीकडचे जोडक काढून टाकायचे. एक ओळ. पुढच्या रविवारी दिमाखात म्हटलं, करा काय करायचं ते.

मैत्रिणीनं ‘दऱ्या’ शोधलं. साइटनं ‘दर्या’ काढून दिला.

“मी दरीत उतरायला गेले,” ती म्हणाली, “आणि समुद्रात पडले.”

जोडक नुसता काढला की मागं उरतो र, हलन्त, य. म्हणजे रफार. म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या. आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ हे दोघं बसवायचे, आणि त्यानंतर उरलेसुरले जोडक काढायचे. क्रम उलटा झाला की आचाऱ्याला सांगितलेलं काम आचार्याला जातं. हे करणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, जेमतेम नऊ ओळींचं आहे. त्याला मला दोन आठवडे लागले, आणि माझ्या सबंध साइटमध्ये मला अभिमान वाटावा असं काही असेल तर तेच.

त्याच तडाख्यात ॲ सापडला. ‘ॲ’ हे सबंध अक्षर युनिकोडात २००८ साली आलं. त्याआधीची मंडळी अ लिहून त्यावर चंद्र ठेवत, आणि अजूनही पुष्कळ कीबोर्ड तसंच करतात. दिसायला तेच, आतून वेगळं, आणि एनएफसी इथंही हात वर करते. ती जोडीही फंक्शनात घातली.

वर्णक्रमाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्यावर आमचा एक रविवार भांडणात गेला. नुसत्या संकेतांकांप्रमाणे यादी लावली तर ळ येतो ल आणि व-च्या मध्ये. मराठी माणूस ळ शोधतो ह-च्या पुढं. आपल्याकडे ळ-नं शब्द सुरू होत नाही, त्यामुळे पहिल्या अक्षरांच्या यादीकडे बघून ही चूक कळत नाही. ती आत लपते, ‘कळ’ हा ‘कवडी’च्या आधी येऊन बसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मी क्रमाची माझी एक यादी लिहिली आणि ळ-ला त्याच्या जागी नेलं. भांडण क्ष आणि ज्ञ यांवरून झालं. त्यांना क आणि ज यांच्या पोटात ठेवायचं की सगळ्यांच्या शेवटी? काका म्हणत शेवटी, मैत्रीण म्हणे पोटात. मी पोटात ठेवले. काकांनी ते अजून मान्य केलेलं नाही.

हे दोन-तीन आठवडे माझ्याकडे देखणं असं काही नव्हतं, आणि तरी ते रविवार सगळ्यांत रंगले. यावरून मी काही शिकायला हवं होतं. शोध पुरा झाल्याबरोबर मी परत देखाव्याकडे वळले.

शब्द भरायला मी साइटवरच एक फॉर्म केला होता. भरलेलं कुठं साठवायचं? डेटाबेस पुढं कधीतरी बघू म्हणून तूर्त ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात, म्हणजे माझ्याच लॅपटॉपवर. तिथं साधारण ५ एमबी मावतं, माझे सगळे शब्द मिळून अर्धा एमबीही होणार नव्हते. मावतंय म्हणजे टिकतंय असं मी धरून चालले होते. रोज रात्री वही शेजारी ठेवून वीस-पंचवीस शब्द टाइप करायचे. टाइप करता करता जुनं वाक्य थिटं वाटलं तर नवं सुचायचं, तेही थेट तिथंच लिहायचे. ४१२ शब्द झाले.

त्या रविवारी दाखवायला मी स्वागताचं पान केलं होतं. पहिल्यांदाच आलेल्या, वही रिकामी असलेल्या माणसाला काय दिसेल ते: मध्ये एक छोटं चित्र, खाली ‘पहिला शब्द लिहा’. पावणेसातला म्हटलं एकदा डोळ्यांखालून घालू. पण माझी वही रिकामी नव्हती, त्यामुळे मला ते पान दिसेना. ब्राउझरमध्ये डेव्हलपरांसाठीची खिडकी उघडली. तिथं साइटचा सगळा डेटा पुसायचं बटण असतं. दिवसभर नोकरीत मी ते पन्नासदा दाबते. बोटाला सवय आहे.

दाबलं. स्वागताचं पान आलं. फार सुंदर दिसत होतं.

मी त्याचं अंतर दोन पिक्सेलनं वाढवलं सुद्धा. मग कार्डांकडे परत जायला मागचं बटण दाबलं, पुन्हा तेच चित्र आलं, आणि तेव्हा पोटात खड्डा पडला.

‘शब्द फाइलमध्ये उतरवून घेणे’ हे काम माझ्या यादीत दुसऱ्या आठवड्यापासून होतं. दर आठवड्याला मी ते खाली ढकलत होते. त्यात दाखवायचं काय? बटण दाबलं, फाइल उतरली, संपलं. टाळी कोण वाजवणार? तीन आठवड्यांपूर्वी मैत्रिणीला तपासायला म्हणून एक प्रत पाठवली होती, ती सापडली. १४० शब्द. बाकीचे २७२ गेले.

सातला कॉल लागला. माझी पाळी पहिली होती. मी पडदा दाखवला. मुलगा म्हणाला, “वा ताई, हे मस्तच झालंय.” मी सांगितलं काय झालंय ते. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग काका म्हणाले, “वह्या आहेत ना? म्हणजे नोंद गेली, निरीक्षण शाबूत आहे.” वह्या होत्याच. थेट टाइप केलेली वाक्यं मात्र कुठल्याच वहीत नव्हती, ती गेली ती गेलीच. “पण मग प्रत ठेवायचं काम मागं का राहिलं?” त्यांनी विचारलं. “दाखवण्याजोगं नव्हतं ना ते,” मी म्हटलं. विनोद म्हणून म्हटलं होतं, कुणी हसलं नाही. मैत्रीण म्हणाली, “माझंही तसंच चाललंय.” तिच्या खेळात आतषबाजी होती, पण टाइप केलेली अक्षरं मोजण्यात चूक होती, ती तिला महिनाभर माहीत होती. ‘क्षितिज’ या शब्दाला ती सात अक्षरं धरत होती, कारण जावास्क्रिप्ट लांबी मोजते ती संकेतांकांची: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. खेळणाऱ्याला दिसतात तीन.

त्या दिवशी नियमात भर पडली. दहातली पहिली दोन मिनिटं तळघराची. जे पडद्यावर दिसत नाही असं काय केलं, ते टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून दाखवायचं. काहीच नसेल तर ‘तळघर रिकामं’ एवढं म्हणायचं. हे दोन शब्द चारचौघांत म्हणायला किती जड जातात, ते म्हणून बघितल्याशिवाय कळत नाही. पहिल्या महिन्यात मी ते तीनदा म्हटले.

मी सगळं मोडून साधं केलं. एका शब्दाची एक साधी मजकुराची फाइल, सगळ्या फायली गिटमध्ये, एक प्रत दूरच्या सर्व्हरवर आणि एक बाहेरच्या डिस्कवर. एक छोटी स्क्रिप्ट त्या फायलींवरून एचटीएमएलची, म्हणजे ब्राउझर दाखवू शकेल अशी, पानं तयार करते. लॉगिन नाही, डेटाबेस नाही. वाक्य बदललं की गिट जुनं आणि नवं दोन्ही ओळींनी दाखवतं, आणि आता मला हरवलेल्या त्या वाक्यांपायी जास्तच वाईट वाटतं. शोधाच्या फंक्शनला चाचण्या, म्हणजे उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारा कोड, लिहिल्या: दऱ्या-दर्या, ॲ-च्या दोन्ही तऱ्हा, र-खाली सुटा नुक्ता, अशा ४१ जोड्या. हे सगळं मी तळघरात दाखवलं. टाळी अर्थातच नाही. पण काकांनी चाचण्या म्हणजे काय असतं ते विचारून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या तारखांना लावल्या.

त्यांच्या तारखांची अडचण मोठी छान होती. रात्री साडेअकराला पाहिलेला तारा एका तारखेत पडे आणि साडेबाराला पाहिलेला दुसरीत, त्यामुळे एका रात्रीच्या नोंदी मधोमध फाटायच्या. त्यांनी कोडमध्ये ‘पहाटे पाचच्या आधीचं असेल तर आदल्या दिवसात’ अशा अटींवर अटी रचल्या होत्या. मग एक दिवस त्यांनाच आठवलं, की खगोलाच्या लोकांनी हे कधीचंच सोडवून ठेवलंय. ज्यूलियन दिवस मध्यरात्री बदलत नाही, ग्रिनिचच्या माध्यान्हीला बदलतो. मोजणी ख्रिस्तपूर्व ४७१३ पासून, आकडा आज चोवीस लाखांच्या पुढं. आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये त्यासाठी तयार फंक्शन निघालं. काकांनी त्या रविवारी नवं काही दाखवलंच नाही, साठ-सत्तर ओळी पुसलेल्या दाखवल्या. लाल ओळींची ती लांबलचक रांग ते सावकाश खाली सरकवत होते, लग्नाचा अल्बम दाखवावा तशी.

मुलगा तोवर चौथ्यांदा सुरुवातीपासून सुरुवात करत होता. दर दोन आठवड्यांनी नवी फ्रेमवर्क, म्हणजे साइट उभारायचा नवा तयार सांगाडा, आत तोच फोटो, तेच नाव आणि ‘लवकरच येत आहे’. त्याला कुणी काही बोललं नाही, माझं ‘नवीन’ फोल्डर सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मग एकदा तो एकच एचटीएमएल फाइल घेऊन आला, हातानं लिहिलेली. त्यात पहिल्यांदाच दोन परिच्छेद मजकूर होता. “ह्यात बदलायला काही नव्हतं ताई,” तो म्हणाला, “मग लिहावंच लागलं.”

साइट खऱ्या पत्त्यावर चढवणं ही एका संध्याकाळची गोष्ट असेल असं वाटलं होतं, आणि निम्मी तशी निघाली. डोमेन सर्व्हरकडे वळवलं, सुरक्षेचं प्रमाणपत्र फुकट मिळालं, ९० दिवसांचं, ते आपोआप नवं होतं. चित्रं मात्र गायब. माझ्या लॅपटॉपला फाइलच्या नावातलं मोठं आणि लहान रोमन अक्षर सारखंच, लिनक्सच्या सर्व्हरला ती दोन वेगळी नावं. अर्धा तास त्यात गेला. दुसरी गोष्ट पत्त्यांची. प्रत्येक शब्दाचं पान त्याच शब्दाच्या नावानं असावं असा माझा हट्ट होता. पण पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाचे तीन बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन चिन्हं, म्हणजे एकाची नऊ. ‘शब्द’ एवढासा, तो ३६ चिन्हांचा होतो. ‘पायऱ्या’ ६३. पान उघडल्यावर ब्राउझर वर नीट ‘पायऱ्या’ दाखवतो, लिंक उचलून कुणाला पाठवली की टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची भलीमोठी माळ जाते. मैत्रीण म्हणाली, सरळ क्रमांक दे. मी नाही दिले. शब्दांच्या साइटवर शब्दाला कैद्यासारखा नंबर द्यायचा, हे काही मला पटेना. माळ तर माळ.

शेवटचे शब्द टाइप होऊन अकराशे सदतीसवर गाडी थांबली, तो रविवार मला चांगला आठवतो. तळघरात सगळ्या चाचण्या पास झाल्याच्या ४१ हिरव्या खुणा दाखवल्या. मग साइट उघडून दिली आणि म्हटलं, आज तुम्ही तिघं शोधा, मी नुसती बघते. मुलानं मुद्दाम जोडक घालून, नुक्ता सुटा करून शब्द टाकले. सगळे सापडले. मैत्रीण दऱ्यांतून दर्यापर्यंत जाऊन आली, दोन्ही आपापल्या जागी. क्रम बरोबर, ल मराठी, शिरोरेघ सलग.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा पडदा आम्हाला दिसत होता. ते ‘अ’च्या यादीत होते, एका पानावर थांबलेले.

“सापडला गं शब्द,” ते म्हणाले. “पण हे काय लिहिलंयस? ‘अपरोक्ष: पाठीमागे, गैरहजेरीत.’”

“हो, म्हणजे माझ्या अपरोक्ष कुणी काही बोललं…”

“अगं, पाठीमागे ते परोक्ष. अपरोक्ष म्हणजे प्रत्यक्ष, डोळ्यांसमोर. बरोबर उलटं.”

मी दुसरी वही काढली. तिथंही तेच होतं, माझ्याच अक्षरात, खाली दुहेरी रेघ मारलेलं. हा शब्द पहिल्या रविवारी दाखवलेल्या तीन शब्दांपैकी होता. कार्ड पलटण्याचं कौतुक झालं ते याच कार्डावर. सगळ्यांनी ते पलटताना पाहिलं होतं, मी तर कितीदा.

कॉल चालू असतानाच फाइल उघडली, ओळ बदलली, कमिट केलं. संदेश लिहिला: ‘अर्थ दुरुस्त’. काका म्हणाले, थांब, अजून ‘आ’ राहिलाय.